खांद्यातली पानगळ

मिरजेतल्या त्या घरात एमआरआयची फिल्म बघायला दिव्याची पेटी लागत नाही. दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीवर आलं की मामा फिल्म काचेला टेकवतात आणि बोटानं दाखवायला लागतात. हाडांचे डॉक्टर म्हणून चाळीस वर्षं काढून ते निवृत्त झालेत, तरी गल्लीतल्या लोकांच्या फिल्म अजून त्यांच्याकडंच येतात. या वेळी फिल्मच्या कोपऱ्यात मामींचं नाव होतं.

"ही बघ, सुप्रास्पायनेटसची कंडरा. काळी पट्टी इथवर सलग आलीय आणि इथं एकदम पांढरं. दीड सेंटिमीटर, आरपार."

भाची पुण्याहून सुट्टीला आली होती. तीही डॉक्टर, पण रुग्णापेक्षा काचपट्टीशी तिचा संबंध जास्त: शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करणारी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट. तिनं फिल्म पाहिली आणि मग मामींकडं पाहिलं. मामी 63 वर्षांच्या. गेल्या दिवाळीपासून फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ यायची. अंबाडा घालायला हात मानेमागं जाईना. रात्री उजव्या कुशीवर वळलं की झोप मोडायची. सगळ्यांनी सांगितलं, फ्रोझन शोल्डर आहे, शेक घ्या. फ्रोझन शोल्डरमध्ये हात दुसऱ्यानं धरूनही वर जात नाही. मामींचा हात मामांनी धरला की अलगद कानाला लागायचा, सोडला की खाली यायचा. तिथंच मामांना शंका आली होती.

"फाटलंय ते शिवायचं," मामा म्हणाले. "माझा एक विद्यार्थी सांगलीत दुर्बिणीतून छान करतो."

"पण मामा, फाटलं कधी?"

मामा क्षणभर थांबले. मामी पडल्या नव्हत्या, कुठं आपटल्या नव्हत्या. जड हंडा उचलतानाही कधी काही तुटल्यासारखं वाटलं नव्हतं. दोरखंडासारखी चिवट कंडरा न पडता, न आपटता फाटते कशी, या प्रश्नावर डॉक्टरांत शंभर वर्षं वाद चाललाय. त्या दुपारी तो मामांच्या दिवाणावर येऊन बसला.

वाद समजायला खांदा आतून कसा आहे ते थोडं पाहायला हवं. दंडाच्या हाडाचं गोल डोकं मोठं आणि ते ज्या खोबणीत बसतं ती उथळ. बशीवर मोसंबं ठेवावं तसा हा सांधा आहे. मोसंबं घरंगळू नये म्हणून चार स्नायूंच्या कंडरा त्याच्यावर तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारख्या घट्ट बसलेल्या असतात. या टोपड्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातली सगळ्यात वरची सुप्रास्पायनेटस. ती हाडाच्या एका पुढं आलेल्या छपराखालून जाते, त्या छपराला ॲक्रोमिअन म्हणतात. जागा चिंचोळी. हात वर केला की कंडरा आणि छप्पर एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

"आमच्या पिढीचं सगळं शिक्षण या छपरावर झालं," मामा म्हणाले. "न्यूयॉर्कचे चार्ल्स नीअर. 1972 साली त्यांनी खांद्याची 100 हाडं तपासून लिहिलं की छपराची पुढची कड कंडरेवर घासते. पुढं 1983 साली तर ते म्हणाले, 95 टक्के फाटी या घासण्यानंच होतात. 1986 साली छपराचे तीन आकार ठरले: सपाट, वाकलेलं आणि आकडीसारखं. आकडी दिसली की आम्ही छप्पर खालून तासायचो. शेकडो खांदे तासलेत मी. दोर कड्यावर घासला तर तुटणारच. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"कड वरून घासत असेल तर कंडरा वरून झिजायला हवी ना? मग इतक्या फाटी खालून, सांध्याच्या बाजूनं का सुरू होतात? बॉस्टनच्या कॉडमननं हे 1934 सालच्या त्याच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. 1988 साली जपानमध्ये मृतांचे 200 खांदे उघडून पाहिले. सांध्याच्या बाजूनं अर्धवट फाटलेल्या कित्येक खांद्यांत छप्पर गुळगुळीत होतं. छप्पर खराब दिसतं ते बऱ्याचदा कंडरा बिघडल्यानंतर."

कॉडमनचं नाव निघाल्यावर मामा सावरून बसले. खांद्याचं काम करणारा कोणीही हे नाव आदरानं घेतो. अर्नेस्ट ॲमरी कॉडमननं 1909 साली फाटलेली सुप्रास्पायनेटस शिवली होती. तिच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवरचा पट्टा नेहमी आधी बिघडतो, हेही त्यानं दाखवलं आणि त्याला धोक्याचा पट्टा मानलं. मामींची फाट नेमकी त्याच पट्ट्यात होती.

"आणि छप्पर तासण्याचं म्हणाल," भाची जरा चाचरत म्हणाली, "तर ब्रिटनमधली 2018 सालची चाचणी..."

"वाचलीय मी ती." मामांनी फिल्म काचेवरून काढली. "32 रुग्णालयं, 313 रुग्ण. काहींचं छप्पर तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले सारखेच बरे झाले. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघेही थोडे सरस, पण रुग्णाला फरक जाणवावा इतके नाहीत." थोड्या वेळानं ते पुढं म्हणाले, "माझेही रुग्ण बरे व्हायचे. मला वाटायचं, तासल्यामुळं होताहेत. पण एक लक्षात ठेव. त्या चाचणीत आरपार फाटलेल्या कंडरेचे रुग्ण घेतलेच नव्हते. तुझ्या मामीची आरपार आहे."

आयुष्यभर मन लावून केलेल्या एका शस्त्रक्रियेबद्दल असं बोलायला धैर्य लागतं. आणि मामांचा शेवटचा मुद्दाही खरा होता.

चहा आला. भाचीनं मोबाइलवर दोन फोटो काढून मामींपुढं धरले. दोन्ही कंडरेच्या पातळ कापाचे, गुलाबी रंगवलेले. पहिल्यात समांतर नागमोडी रेघा, नीट विंचरलेल्या केसांसारख्या. त्यांच्या मधूनमधून एका ओळीत लांबट निळे ठिपके. दुसऱ्यात रेघा विस्कटलेल्या, मध्ये मोकळ्या जागा, आणि ठिपके गोल झालेले, कुठं दाटीवाटीनं तर कुठं एकही नाही.

"पहिल्यात जिरं, दुसऱ्यात मोहरी," मामी म्हणाल्या.

"अगदी तसंच, मामी. ते ठिपके म्हणजे कंडरेच्या पेशींचे गाभे. रेघा म्हणजे कोलॅजनचे धागे. धागे स्वतः जिवंत नसतात. ते विणायचे आणि बारीकसारीक तुटलं की सांधायचं, हे काम जिऱ्यासारख्या पेशींचं. दुसरा तुकडा फाटलेल्या कंडरेचा आहे. पेशींचा आकार बिघडलाय, आणि त्यातल्या कितीतरी मरायला लागल्यात."

पेशी मरतात दोन तऱ्हांनी. भाजलं, चेचलं, रक्तच तुटलं तर ती फुगून फुटते आणि आजूबाजूला दाह पसरतो. दुसऱ्या तऱ्हेत ती स्वतःच आवरतं घेते: आकसते, आपला डीएनए ठरलेल्या जागी तोडते, लहान लहान पुड्या होऊन शेजारच्या पेशींच्या पोटात जाते. ना सूज, ना दंगा. गर्भात बाळाच्या बोटांमधला पडदा असाच विरतो, म्हणून तर बोटं सुटी होतात. या मरणाला अपॉप्टॉसिस हे नाव 1972 साली केर, वायली आणि करी या तिघांनी दिलं. शब्द सुचवला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाच्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडावरून पानं गळणं, मराठीत पानगळ. नीअर यांचा छपरावरचा लेख आणि पेशींच्या पानगळीचा हा लेख एकाच वर्षी आले, आणि त्यांची गाठ पडायला तीस वर्षं जावी लागली.

ती गाठ सिडनीत पडली. 2002 साली तिथल्या संशोधकांनी 25 फाटलेल्या सुप्रास्पायनेटस कंडरांच्या कडेचे तुकडे घेतले. तुलनेसाठी सहा अखंड सबस्कॅप्युलरिस, म्हणजे टोपड्याच्या पुढच्या बाजूच्या कंडरा. तुटलेल्या डीएनएला खूण करणारं रंगद्रव्य लावून मरू घातलेल्या पेशी मोजल्या. अखंड कंडरेत 13 टक्के, फाटलेल्यात 34. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल ब्रेनर, हॉर्व्हिट्झ आणि सल्स्टन यांना मिळालं, ते पेशींचं हे ठरलेलं मरण कोणती जनुकं चालवतात ते एका इवल्याशा कृमीत शोधून काढल्याबद्दल.

"शंभरातल्या चौतीस, मामा. विणकरच निघून गेले तर कापड सांधणार कोण?"

मामांनी कप खाली ठेवला. "तुकडे घेतले कुठून? फाटलेल्या कडेवरून. कधी? फाटल्यावर कित्येक महिन्यांनी. भिंत पडल्यावर ढिगाऱ्यातल्या फुटक्या विटा मोजायच्या आणि म्हणायचं, विटा फुटल्या म्हणून भिंत पडली! फाटलेल्या टोकावर ताण नाही, रक्त कमी, सांध्यातलं पाणी सतत लागतंय. तिथल्या पेशी मरणारच. आधी फाट की आधी मरण, ते तुझ्या चौतीस टक्क्यांवरून कळत नाही. शिवाय ते रंगद्रव्य वेगळ्या कारणानं तुटलेल्या डीएनएलाही चिकटतं. बरोबर की नाही?"

"बरोबर."

हे 'बरोबर' महत्त्वाचं आहे. वादात समोरच्याचा मुद्दा कबूल करून पुढं जाणारी माणसं कमी असतात.

"पण मामा, तुम्ही आत्ता म्हणालात ना, टोकावर ताण नाही म्हणून? माझं म्हणणं तिथंच सुरू होतं. अमेरिकेत मिशिगनला 2008 साली एक प्रयोग झाला. उंदराच्या शेपटीची कंडरा काढून पोषक द्रवात ठेवली, अन्न सगळं दिलं, फक्त ताण दिला नाही. 24 तासांत पेशी मरायला लागल्या. कंडरेची पेशी धाग्याला चिकटून बसलेली असते, त्याचा ताण तिला सतत जाणवतो, आणि तो ताण हेच तिला जगण्याचं कारण असतं. आता खांद्यात बघा. रोजच्या कामात चार धागे तुटतात. त्यांच्यावरच्या पेशी सैल पडतात, मरतात. मग ते चार धागे सांधायला कोणी उरत नाही, भार शेजारच्या धाग्यांवर जातो, त्यातले आणखी तुटतात. वर्षानुवर्षं, आवाज न करता. म्हणून मामींना काही तुटल्यासारखं कधी वाटलंच नाही."

"म्हणजे सुरुवात धागे तुटण्यानंच होते! मी तेच सांगतोय."

"धागे सगळ्यांचेच तुटतात. काहींचे सांधले जातात, काहींचे नाहीत. फरक सांधणाऱ्यांत आहे."

मामी इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "इचलकरंजीच्या आमच्या ताईलाही हेच आहे. तिचा तर डावा."

भाचीला हाच धागा हवा होता. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी 2004 साली कंडरा फाटलेल्या रुग्णांच्या भावंडांचे खांदे सोनोग्राफीनं तपासले आणि तुलनेला घेतले रुग्णांचे नवरे-बायका: त्याच घरातले, पण रक्ताच्या नात्यातले नव्हेत. आरपार फाट असण्याची शक्यता भावंडांत सुमारे अडीच पट निघाली. घासणारं छप्परही वारशानं येत असेल, असं मामा म्हणाले, आणि तेही अगदीच खोडून काढण्यासारखं नाही. मामींना बारा वर्षांपासून साखर आहे. साखरेनं कोलॅजनचे धागे ताठर होतात. आयसीएमआरच्या 2023 मधल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, म्हणजे हा प्रश्न एका घरापुरता नाही. सिगारेटनंही धोका वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविकं कंडरेला बाधतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 साली त्यांच्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. आपल्याकडं ती गोळी साध्या जुलाबालाही सहज घेतली जाते. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन मारून घेणाऱ्यांनीही हे ऐकावं: दुखणं काही आठवडे थांबतं खरं, पण प्रयोगशाळेत कंडरेच्या पेशींवर तेच औषध टाकलं की त्या मरतात.

आता प्रश्न उरला मामींचा. शिवायचं की नाही?

"2006 साली सचिनच्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली," मामा म्हणाले. "नंतर सात वर्षं खेळला तो."

"तेव्हा सचिन 32 वर्षांचा होता. जपानमध्ये एका गावातल्या 664 लोकांचे खांदे सोनोग्राफीनं पाहिले. पन्नाशीच्या आत आरपार फाट कुणालाच नाही. पन्नाशीत दहातल्या एकाला, सत्तरीत चारातल्या एकाला. आणि ज्यांना होती त्यांतल्या तिघांपैकी दोघांना काही दुखतच नव्हतं. मामींचा खांदा दुखतोय, फाटही आहे. पण दुखणं फाटीमुळंच आहे हे त्यावरून ठरत नाही."

"ठीक. मग हेही ऐक." मामांचा आवाज आता वाद घालणाऱ्याचा राहिला नव्हता, रुग्णाची जबाबदारी घेणाऱ्याचा झाला होता. "न दुखणाऱ्या फाटी असलेल्या लोकांवर अमेरिकेत काही वर्षं लक्ष ठेवलं. जवळजवळ निम्म्यांची फाट वाढली. फाट वाढली की कंडरा मागं आखडते, मागचा स्नायू वापराविना चरबीचा होत जातो. एकदा चरबी झाली की शिवूनही ती परत स्नायू होत नाही. मी असे खांदे उघडलेत. आत टाका घ्यायला काही उरलेलंच नसतं, लोण्यात दोरा ओवल्यासारखं होतं. थांबायचं म्हणतेस, त्याची किंमत ही आहे. तुझी मामी आहे ही, तुझी काचपट्टी नव्हे."

यावर भाची लगेच बोलली नाही. तिच्याकडं उत्तर होतं, पण ते मामांचं म्हणणं खोडणारं नव्हतं. 2004 साली अमेरिकेत 18 रुग्णांच्या मोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवल्या होत्या. वर्षभरानं सोनोग्राफी केली तेव्हा 17 पुन्हा उघडलेल्या निघाल्या. तरीही त्यातल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालेलं होतं, हात वर जात होते. टाके उसवले, माणूस बरा झाला. असं झालं की टाक्यांचा उपयोग किती आणि त्यानंतरच्या व्यायामाचा किती, हे विचारावंच लागतं. पुढं 2013 मध्ये, न पडता-आपटता आरपार फाटलेल्या 452 रुग्णांना आधी फक्त व्यायाम दिला गेला. दोन वर्षांत शस्त्रक्रियेकडं वळले ते चौथाईहूनही कमी.

"म्हणून म्हणते, मामींना तीन महिने द्या. फाट लहान आहे, एमआरआयमध्ये स्नायूत चरबी नाही. तीन महिन्यांत काही बिघडणार नाही."

"आणि फाटलेल्या कंडरेवर भार टाकायचा?" मामांना हे मनापासून पटत नव्हतं. चाळीस वर्षं ते रुग्णांना सांगत आले होते, हात गळ्यात अडकवा, वजन उचलू नका.

"हळूहळू. जितकं सोसेल तितकं. फाट भरून येणार नाही, हे मी मामींना खोटं सांगणार नाही. पण टोपड्याच्या उरलेल्या तीन बाजू आणि बाहेरचा डेल्टॉइड स्नायू काम वाटून घ्यायला शिकतील. आणि ज्या पेशी अजून जिवंत आहेत त्यांना ताण मिळेल. हात गळ्यात अडकवून ठेवला तर उंदराच्या शेपटीचं झालं तेच तिथंही होईल, याची मला भीती वाटते."

मामी उठल्या. "तुम्हा दोघांचं ठरेपर्यंत माझा हात आखडेल. काय करायचं ते दाखवा."

दाखवलं मामांनीच. टेबलावर डावा हात टेकून मामींना कमरेत वाकवलं आणि दुखरा उजवा हात सैल सोडायला लावला, देवळातल्या घंटेच्या दोरीसारखा. "खांद्यानं हलवू नकोस. कंबर हलव, हात आपोआप झुलेल." पहिल्या दोन-तीन वेळा मामींचा खांदा ताठच राहिला, दंडाची शीर तट्ट उभी. मग कुठंतरी तो सुटला आणि हात आपल्या वजनानं वर्तुळं घ्यायला लागला, आधी वाटीएवढी, मग ताटाएवढी. हा व्यायामही कॉडमनचाच, आणि त्याच्याच नावानं ओळखला जातो.

कॉडमनची आणखी एक गोष्ट मामांना त्या दुपारी आठवली आणि ती त्यांनी भाचीला सांगितली. तो प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचा आणि वर्षभरानंतर त्याला परत बोलावून लिहायचा: काय केलं, काय झालं, चूक असेल तर कुणाची. रुग्णालयांनी हे सगळं उघड करावं म्हणून तो इतका हटून बसला की 1914 साली त्यानं आपल्या रुग्णालयाची नोकरी सोडली. "माझ्याकडं शस्त्रक्रियांच्या वह्या आहेत," मामा म्हणाले. "टाके किती, दिवस किती, सगळं आहे. वर्षभरानंतरचा रकाना नाही."

ते आतून एक नवी वही घेऊन आले. पहिल्या पानावर मामींचं नाव, वय, फाटीची लांबी आणि तारीख लिहिली. त्याखाली लिहिलं: तीन महिन्यांनी सोनोग्राफी, फाट वाढली किंवा ताकद उतरली तर शिवायचं. भाचीनं वाचून मान डोलावली.

मग मामी स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चालवू लागल्या. खांद्याच्या थोडं वर बोटं थांबली, ओठ घट्ट मिटले गेले. तिथं मामांनी पेन्सिलीनं रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. त्या रेघेच्या डावीकडं, बरीच खाली, भाचीच्या लहानपणीच्या उंचीच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या.

"गणपतीला ही भिंत रंगवायची नाही बरं का," मामी म्हणाल्या, आणि पुन्हा खालून बोटं चालवायला लागल्या.